व्हिएन्नाचे बाक

"आई, तू इथं बस हं. आम्ही पटकन वर जाऊन येतो."

हृषीनं बाक दाखवला, मी बसले. समोर ते व्हिएन्नाचं जगप्रसिद्ध चर्च, छपरावर रंगीत कौलांची नक्षी, अगदी इरकली काठासारखी. बाबागाडीत माझा अडीच वर्षांचा नातू इंद्र तोंड उघडं टाकून झोपलेला. शेजारी त्याची सहा वर्षांची बहीण ओवी "आजी, भूक" म्हणून माझा पदर ओढत होती. सुनेनं, म्हणजे केतकीनं, जाता जाता पाण्याच्या बाटल्यांची पिशवी माझ्या खांद्याला अडकवली.

"तशीही गोल जिन्यानं तुम्हाला चक्कर येईल ना, आई," ती म्हणाली आणि दोघं मनोऱ्याच्या दाराकडे पळाली. मला गोल जिन्यानं चक्कर येते, ही माहिती मला त्या दिवशी प्रथमच मिळाली.

मी ओवीच्या हातावर तिखटमिठाची पुरी ठेवली आणि ओठांवर आलेलं वाक्य पुन्हा गिळलं. वाक्य साधंच होतं. ‘हृषी, ऑक्टोबरात मी दिगंबर पोतनीसांशी लग्न करतेय.’ तीन महिने ते मी तोंडात घोळवत होते. सोमवारी माझं परतीचं विमान होतं आणि त्याच्या आत ते बाहेर पडायला हवं होतं, कारण उद्या रात्री माझं ऑक्टोबरात पुन्हा इकडे यायचं तिकीट काढणार, असं हृषीनं सकाळीच न्याहारीच्या टेबलावर जाहीर केलं होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण तो बाक मला आजही बोचतो.

हृषी आणि केतकी म्युनिकमध्ये नोकरीला होती. दोघंही मोठ्या हुद्द्यावर, म्हणजे दोघंही घरी नाहीत. तिकडे पाहुण्याला एका दमात तीन महिने राहू देतात, मग तीन महिने बाहेर काढतात. या नियमावरून सगळी दुनिया कुरकुरते. आमच्या हृषीला त्यात ईश्वरी योजना दिसली. तीन महिने मी, तीन महिने ठाण्याच्या विहीणबाई उज्ज्वलाताई, पुन्हा मी, पुन्हा त्या. एक आजी उतरली की दुसरी चढायची. विमानतळावर आमची उभ्याउभ्याच गाठ पडायची. मी सांगायचे, "इंद्रला दात येतायत, रात्रीचा रडतो." त्या विचारायच्या, "मेतकूट शिल्लक आहे का?" झालं, चार्ज दिला-घेतला.

हे मला कळायला वेळ लागला नाही, कारण सगळी नोकरी मी एसटीच्या सांगली डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्यूट्या लावण्यात घालवली. फरक एवढाच, की आमच्या कंडक्टरला आठवड्याची सुट्टी असायची. आणि सुट्टी मागायला आला तर तो आधी निदान "बाई, जरा बोलायचंय" म्हणायचा आणि मी पेन खाली ठेवून ऐकायचे.

पोतनीस भेटले ते आमच्या वाचनालयात. तिथं शब्दकोड्याचा पेपर एकच यायचा आणि शब्दकोडं आम्हा दोघांनाही हवं असायचं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, बायको गेलेला, मोठ्यानं हसणारा माणूस. आधी वर्षभर आम्ही त्या पेपरावरून भांडलो. मग एक दिवस ते माझ्यासाठी शब्दकोड्याची झेरॉक्स घेऊन आले. भांडायला काही उरलंच नाही, तेव्हा बोलायला लागलो. मला तो माणूस आवडला. या वयात असं काही वाटेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, पण वाटलं खरं, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही.

हृषी रागावणार याची मला खात्री होती. मी उत्तरं तयार ठेवली होती. बाबांना काय वाटेल, असं म्हणाला तर सांगायचं, की तुझे बाबा चांगले होते, पण जिवंत असतानाही त्यांना माझ्याबद्दल फारसं काही वाटत नसे. लोक काय म्हणतील, तर म्हणू देत, सांगलीत लोकांना दुसरा उद्योग काय? साठी बुद्धी नाठी म्हणाला, तर साठी उलटून किती वर्षं झाली, तेवढं तरी नीट मोज म्हणायचं. ही सगळी उत्तरं मी म्युनिकच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना पाठ केली होती.

मंडळी मनोऱ्यावरून उतरली ती घामाघूम आणि धन्य होऊन.

"आई, काय व्ह्यू होता! तू पाहायलाच हवा होतास."

"हो ना," मी म्हटलं. "हृषी, मला तुझ्याशी एक महत्त्वाचं बोलायचंय."

"गुडघे ना?" तो लगेच म्हणाला. "मला माहीतच होतं. म्हणून तर तुला वर नेलं नाही."

"गुडघे नव्हेत रे."

केतकीनं कान टवकारले. "माझ्या मम्मीनं मागच्या वेळी मसाल्याचा डबा दुसरीकडे ठेवला, त्यावरून का, आई? तुम्ही मनावर नका घेऊ. मी सांगते तिला."

"अगं, मसाल्याचं नाही गं. मी काय म्हणते..."

"घोडाऽऽ!" ओवी किंचाळली. खरोखरच दोन पांढऱ्या घोड्यांची बग्गी समोरून चालली होती. इंद्र दचकून उठला आणि रडायला लागला. हृषीनं मोबाइल काढून बग्गीचा इतिहास वाचायला सुरुवात केली. केतकीला फोटो हवा होता. माझं वाक्य घोड्यांच्या टापांखाली गेलं.

"आई, जरा डावीकडे सरकता का? चर्च झाकलं जातंय."

मी सरकले. तो फोटो तिनं तिथल्या तिथं सगळ्या जगाला दाखवून टाकला, वर लिहिलं, ‘आजीचं युरोपचं स्वप्न पूर्ण!’ पुढे बदामच बदाम. हे स्वप्न मला नक्की कुठल्या रात्री पडलं होतं, ते मी बराच वेळ आठवून पाहिलं.

त्या दोन दिवसांत मी व्हिएन्नाचा जो अभ्यास केला, तो इतिहासाच्या प्राध्यापकानंही केला नसेल. चर्चसमोरचे बाक लाकडी, पाठ टेकता येते. जुन्या राजवाड्याच्या चौकातले दगडी, बारानंतर चटके बसतात. संग्रहालयाच्या बागेतले हिरवे, पण कबुतरांच्या मालकीचे. आतल्या गोष्टींबद्दल मात्र मला विचारू नका. हृषी बाहेर आला की सांगायचा, "आई, हे बारोक हं." मी म्हणायचे, "असं का? इंद्रची लंगोटी बदलायला झालीय."

हा सगळा दौरा कशासाठी, हे न कळायला मी कुक्कुलं बाळ नव्हते. येताना आगगाडीत केतकी हळूच म्हणाली होती, "आता पुढचे तीन महिने मम्मी आहे, पण इंद्रला खरी तुमचीच सवय आहे, आई." तेव्हाच माझ्या लक्षात आलं. आवळा देऊन कोहळा काढतात, तशी ही मंडळी व्हिएन्ना देऊन ऑक्टोबर काढत होती.

दुसऱ्या दिवशी मोठा राजवाडा. राजाराणीच्या खोल्या, आरसेमहाल, सोन्याचा मुलामा. बाबागाडी आत नेऊ देत नाहीत, असं हृषीनं वाचलं होतं आणि ते वाचून त्याला जरासुद्धा वाईट वाटलेलं दिसलं नाही.

"आई, बाग तर बघ काय सुंदर आहे! खरं म्हणजे बघण्यासारखी बागच आहे."

"मग तुम्ही बागेत बसा, मी खोल्या बघून येते," मी म्हटलं.

दोघंही छान हसली. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. हसत हसतच ती आत गेली.

मी बाकावर बसले. इंद्र खडीतले दगड वेचून माझ्या पर्समध्ये भरत होता. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर पोतनीस. आईबाबा कचेरीत असताना त्यांचे फोन यायचे, त्यामुळे ओवी त्यांना ओळखायची. ओवीनं माझ्या आधी बोट दाबलं.

"शब्दकोडं-आजोबा!"

"काय म्हणते ओवी? आजी काय करतेय?"

"बाकावर बसलीय."

"काल पण बाकावरच होती ना?"

"तो दुसरा बाक होता," ओवीनं प्रामाणिकपणे सांगितलं.

पोतनीस हसले. बागेतली दोन गोरी माणसं वळून बघायला लागली. मी फोन घेतला.

"सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून. संधीच मिळत नाही हो."

"मी सांगू का? कृष्णेला पूर आला की खालच्या गावांना मीच कळवायचो. त्या मानानं हे सोपं आहे." मग ते म्हणाले, "हे बघा, जमत नसेल तर राहू द्या. मुलांची अडचण असेल. मी थांबेन पुढच्या वर्षापर्यंत."

"थांबायला आपण काय विशीतले आहोत?" मी फटकन म्हटलं. त्यांनी थांबायची तयारी दाखवली याचाच मला राग आला. पुढच्या वर्षी पुन्हा पुढचं वर्ष, आणि मग दोघांपैकी एकाच्या फोटोला हार. हे असंच होतं, मी पुष्कळ घरांत बघितलंय.

फोन ठेवला तर ओवी माझ्याकडे टक लावून बघत होती.

"आजी, कुणाला काय सांगायचंय?"

मोठ्या माणसांना जे मला तीन महिने सांगता आलं नाही, ते मी त्या पोरीला एका श्वासात सांगितलं. "ऑक्टोबरात माझं आणि शब्दकोडं-आजोबांचं लग्न आहे."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू नवरी?"

"हो."

"मुंडावळ्या बांधणार?"

"बघू या."

"मग मी करवली!" ती उठून उभीच राहिली. मागच्या डिसेंबरात ठाण्याला मावशीच्या लग्नात ती करवली झाली होती, आणि पृथ्वीवर त्याहून मोठं पद नाही असं तिचं पक्कं मत होतं. "पण मला नवीन परकर-पोलकं लागेल."

"मिळेल. बाबाला मात्र मी सांगणार हं."

तिनं मान डोलावली. पण करवलीच्या पोटात गोष्ट राहिल्याचं कुणी कधी ऐकलंय? हृषी आणि केतकी राजवाड्याच्या पायऱ्या उतरताना दिसली मात्र, ओवी वाऱ्यासारखी सुटली. "बाबाऽ, आजीचं लग्न आहे! मी करवली!"

हृषी हसत हसत जवळ आला. मग त्यानं माझा चेहरा पाहिला आणि हसू पुसलं गेलं.

"आई?"

मी उभी राहिले. हे वाक्य बसून सांगायचं नाही असं मी ठरवलंच होतं. "खरं आहे ते. दिगंबर पोतनीस. आमच्या वाचनालयात येतात. आम्ही रजिस्टर लग्न करतोय, ऑक्टोबरात."

तो पांढराफटक पडला. मी पदर खोचला. बाबा, लोक, वय, सगळी उत्तरं जिभेच्या टोकावर आणून ठेवली. आता तोफ सुटणार होती आणि मी ती झेलायला तयार होते.

"ऑक्टोबरात?" हृषी म्हणाला.

"हो."

"पण आई, ऑक्टोबरात तर तुझी टर्न आहे!"

मला आधी वाटलं, हे प्रास्ताविक असेल, मुद्द्यावर अजून यायचा असेल. मी वाट पाहिली. पण मुद्दा तोच होता. त्याच्या मागे दुसरं काही नव्हतं.

केतकीनं मला मिठी मारली. "अभिनंदन, आई! खरंच, किती गोड!" आणि माझ्या खांद्यावरूनच नवऱ्याला म्हणाली, "मम्मी तर तीस सप्टेंबरला निघते. मग मधे कोण?"

"जानेवारीत करता येणार नाही का?" हृषीनं विचारलं. "किंवा डिसेंबरअखेर? म्हणजे तुझी टर्न संपवून?"

"थांब, थांब," केतकीच्या डोळ्यांत एकदम उजेड पडला. "आई, काकांकडे पासपोर्ट आहे? म्हणजे तुम्ही दोघंही इकडे आलात तर? त्यांची तब्येत कशी आहे? जिने चढतात ना?"

"इंद्रला बागेत नेता येईल त्यांना," हृषी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. "ओवीला शाळेतून आणतील. आणि आई, त्यांना स्वयंपाक येतो का?"

माझा मुलगा नवरदेव बघत नव्हता, बदली कंडक्टर बघत होता. ज्या माणसाशी मी उरलेलं आयुष्य काढणार, त्याचं नाव दोघांपैकी एकानंही पुन्हा उच्चारलं नव्हतं. तो कसा दिसतो, कुठला आहे, माझ्याशी कसा वागतो, कशाचीही चौकशी नाही. हृषी चिडला असता, ओरडला असता, चार दिवस अबोला धरला असता, तरी मला चाललं असतं. निदान आईवर रागावला म्हटलं असतं. इथं कुणी आईवर रागावलंच नव्हतं, फक्त ड्यूटी चुकत होती. मला भर उन्हात, त्या हजार खिडक्यांच्या राजवाड्यासमोर रडू आलं आणि त्या रडण्याचा भयंकर रागही आला.

"मला भूक लागलीय," मी म्हटलं.

"डब्यात पुऱ्या आहेत ना, आई," केतकी म्हणाली. "तुम्ही इथं बसा, आम्ही तोवर टेकडीवरची ती कमान..."

"मी बसणार नाही." माझा आवाज डेपोतला होता. तो त्या घरात कुणी ऐकला नव्हता. "मी आज बाकावर बसणार नाही. मला येताना पाहिलेल्या त्या झुंबरवाल्या कॉफीच्या दुकानात जायचंय. हृषी, बाबागाडी घे. केतकी, ही पिशवी धर."

दोघांनी मुकाट्यानं धरलं.

दुकान भारी होतं. लाल मखमली खुर्च्या, काळ्या कोटातला वेटर, आरशात आरसे. मी मेनूवरच्या चित्रांवर एकामागून एक बोट ठेवत गेले. चॉकलेटचा केक, सफरचंदाची पोळीसारखी गुंडाळी, सायीचा डोंगर घातलेली कॉफी. वेटर लिहीत राहिला.

"आई, एवढं कोण खाणार?" हृषी दबकत म्हणाला.

"मी. हे माझं केळवण आहे."

"केळवण म्हणजे?" ओवीनं विचारलं.

"ज्याचं लग्न ठरलंय, त्याला घरच्यांनी बोलावून गोडधोड जेवायला घालायचं असतं. लाड करायचे असतात. म्हणजे घरच्यांच्या ध्यानात येतं, की हे माणूस आता आपल्या घरातून दुसऱ्या घरी चाललंय."

"मग तू स्वतःच का केलंस?"

इंद्रनं केकात मूठ घातली. केतकीनं ती पुसली नाही. हृषी चमच्यात स्वतःचं प्रतिबिंब बघत राहिला.

ओवीला मात्र सगळी पद्धत ठाऊक होती. म्युनिकच्या रविवारच्या मराठी शाळेत त्यांच्याकडून हळदीकुंकवासाठी उखाणे पाठ करून घेतले होते. ती खुर्चीवर उभी राहून म्हणाली, "केळवणात नाव घ्यायचं असतं. आजी, नाव घे!"

"इथं?" हृषी म्हणाला.

"इथंच," मी म्हटलं. हातातली कॉफी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि चांगल्या खणखणीत आवाजात नाव घेतलं:

"राजवाडे तुम्ही पाहिले, मी पाहिले बाक,
दिगंबररावांचं नाव घेते, ऑक्टोबरात मारू नका हाक!"

ओवीनं टाळ्या पिटल्या. काळ्या कोटातला वेटर काही न कळता हसला. पहिली फुटली ती केतकी. फस्सकन हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हृषीनं मान वर केली. त्याला एवढं लाजलेलं मी त्याच्या दहावीच्या निकालानंतर पाहिलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला. "कसे आहेत ते? पोतनीस."

प्रश्न उशिरा आला, पण आला. मी गुंडाळीचा एक तुकडा त्याच्या बशीत वाढला आणि सांगायला सुरुवात केली. टेकडीवरची कमान त्या दिवशी कुणीच पाहिली नाही.

ऑक्टोबरात आमचं लग्न झालं. सह्या झाल्या, पेढे वाटले. ओवीचं नवीन परकर-पोलकं मीच इथून शिवून पाठवलं होतं. ते घालून तिनं फोनवरूनच करवलीपण मिरवलं. इकडे यायला हृषीला रजा मिळाली नाही. उज्ज्वलाताईंनी त्याच आठवड्यात जावयाला कळवलं, की जानेवारीत त्या मैत्रिणींबरोबर चारधामला जाणार आहेत. जानेवारीत चारधामची दारं बंद असतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मग मुलांचं काय झालं? काही नाही. इंद्रला पाळणाघरात घातलं. ‘इथं जागाच मिळत नाही हो, आई,’ असं जे मला दोन वर्षं ऐकवत होते, त्यांनी अर्जच केलेला नव्हता. आणि पाळणाघर कुठं, तर त्यांच्याच गल्लीच्या कोपऱ्यावर. काखेत कळसा नि गावाला वळसा! त्याच्या पिवळ्या दारावरून मी रोज बाबागाडी ढकलत गेले होते.

पहिल्या दिवशी मी जीव मुठीत धरून फोन केला. तीन महिने पोटाशी धरलेलं पोर, परकी माणसं, परकी भाषा. केतकीला विचारलं, "फार रडला का गं?"

"छे हो, आई," ती आनंदानं म्हणाली. "बोट सोडलं नि पळत आत गेला. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही."

मी फोन ठेवला. दिगंबररावांना सांगितलं, तर ते खोखो हसत सुटले. मला काही हसू आलं नाही. दुपारी मी जेवलेसुद्धा नाही.